हमीपत्रावर सही कुणाची?

कमल हासन आणि बेळगाव यांचा तसा संबंध काय? त्याचे हिंदी सिनेमे टॉकीजला जाऊन बघितलेली आमच्याकडची मंडळी आता साठीकडं झुकलीत. तमिळ इथं मिलिटरी कॅम्पाच्या बाहेर फारसं कानावर पडत नाही. तरीपण 2025 च्या मे महिन्याच्या अखेरीस त्याचा फोटो माझ्या दुकानात आला. तोंडावर तांबडी फुली, वर मोठ्या कन्नड अक्षरांत माफीची मागणी, साईझ सहा बाय चार, आणि नेहमीप्रमाणं अर्जंट.

बेळगावच्या शहापुरात माझं डिजिटल बॅनरचं दुकान आहे. वाढदिवस, श्रद्धांजली, वास्तुशांत, शिवजयंती, राज्योत्सव, कुस्तीचं मैदान, जे येईल ते छापतो. ऑक्टोबर 2021 मध्ये पुनीत राजकुमार गेला तेव्हा मराठी गल्ल्यांतल्या पोरांनी वर्गणी काढून त्याचे बॅनर लावले, तेही माझ्याकडूनच गेले. 2024 मध्ये पाट्यांवर साठ टक्के कन्नड पाहिजे म्हणून कायदा कडक झाला, त्या दिवसांत तर जेवायला सवड नव्हती. राग आला का? आला. बिलं फाडली का? फाडली.

माझा ऑपरेटर हुक्केरीकडचा. घरी कन्नड, दुकानात मराठी, कानात हिंदी गाणी. फुली मारलेला कमल स्क्रीनवर बघून तो म्हणाला, "मालक, ह्यानं काय केलंय ओ?" मी सांगितलं. "एवढंच?" म्हणाला आणि प्रिंट सोडली.

ते एवढंच म्हणजे असं. 24 मे ला चेन्नईत 'ठग लाइफ'च्या गाण्यांचा कार्यक्रम होता. समोर कन्नड नट शिवराजकुमार बसलेला. त्याला घरचा माणूस म्हणता म्हणता कमल बोलून गेला की तुमची भाषाही तमिळमधूनच जन्मली. शास्त्राला धरून हे नाहीच. दोन्ही भाषा एकाच जुन्या द्राविडी मुळातून फुटलेल्या, म्हणजे नातं बहिणींचं, मायलेकीचं नाही. एखाद्या जाणकारानं पाच मिनिटांत खोडून काढावं असलं विधान. पण खोडायला बसतोय कोण! कर्नाटकातल्या फिल्म चेंबरनं, म्हणजे सिनेवाल्यांच्या संघटनेनं, सांगितलं, माफी माग, नाहीतर सिनेमा लागणार नाही. कमलनं खुलाशाचं पत्र लिहिलं, कन्नडवर प्रेम असल्याचं सांगितलं, माफी तेवढी मागितली नाही. उच्च न्यायालयात गेला तर तिथंही त्यालाच विचारणा झाली, तुम्ही काय इतिहासकार की भाषातज्ज्ञ? 5 जूनला सिनेमा देशभर लागला, कर्नाटकात लागला नाही. 17 जूनला सुप्रीम कोर्टानं कर्नाटक सरकारची कानउघाडणी केली. झुंडींच्या ताब्यात रस्ते देता येणार नाहीत, विधान पटत नसेल तर त्यावर विधान करा, कुणाला बघायचा नसेल त्यानं सिनेमा बघू नये, पण थिएटर जाळायची धमकी आहे म्हणून सिनेमा थांबवायचा हे चालणार नाही. 19 जूनला सरकारनं संरक्षणाची हमी दिली. तोवर बाकीच्या देशात सिनेमा आपटून दोन आठवडे झाले होते. कायद्यानं वाट मोकळी झाली तेव्हा त्या वाटेनं जाणारं कुणी उरलं नव्हतं.

कमलचं काय वाईट वाटायचं? मोठा माणूस आहे, स्वतः निर्माता आहे, त्याचं तो बघून घेईल. मला दिसत राहिली ती थिएटरातली माणसं. मॅनेजर, तिकीट फाडणारा, इंटरव्हलला समोसे पुरवणारा. कन्नड कुठून जन्मली याबद्दल त्यांच्यापैकी कुणी अवाक्षर काढलेलं नव्हतं. बोलणारा बोलला चेन्नईत, धमकी आली कर्नाटकातल्या थिएटरांना. कारण उघड आहे. चेन्नईचा माणूस हाताला लागत नाही आणि थिएटर उचलून पळून जात नाही.

2017 ला हेच झालं होतं, आणि तेव्हा बेळगावला त्याची झळ जास्त लागली असती. कट्टप्पानं बाहुबलीला का मारलं हे कळायला आमची पोरं दोन वर्षं टाचा उंचावून बसलेली. आणि कट्टप्पा झालेल्या सत्यराजनं 2008 मध्ये, कावेरीच्या वादात, चेन्नईत काहीतरी टोचणारं बोलून ठेवलेलं. नऊ वर्षं ते कुणाला आठवलं नाही. सिनेमा तोंडावर आल्यावर बरोबर आठवलं. कन्नड चळवळीतले वाटाळ नागराज आणि मंडळींनी बंदची हाक दिली. दिग्दर्शक राजामौलीला व्हिडिओ करून विनवणी करावी लागली की बाबांनो, हा सिनेमा त्याचा नाही, तो यातला एक नट आहे. 21 एप्रिलला सत्यराजनं दिलगिरी व्यक्त केली, 28 ला सिनेमा लागला.

त्याची ती दिलगिरी मला या सगळ्या माफीनाम्यांत सरळ वाटते. हजारो लोकांची मेहनत माझ्या एका बोलण्यानं अडकू नये म्हणून हे करतोय असं त्यानं सांगितलं. तमिळ लोकांसाठी मी बोलत राहणार, आणि मला घेतल्यानं अडचण होईल असं ज्या निर्मात्याला वाटत असेल त्यानं मला घेऊ नये, असंही त्यानं जोडून टाकलं. म्हणजे पुढचं बिल त्यानं स्वतःच्या नावावर लिहून घेतलं. असं करणारे थोडे.

महाराष्ट्रानं यावर हसायचं काही कारण नाही. मार्च 2025 मध्ये विनोदवीर कुणाल कामरानं एकनाथ शिंद्यांवर विडंबन केलं. कामरा होता तमिळनाडूत. फोडलं काय, तर मुंबईत खारला जिथं तो कार्यक्रम रेकॉर्ड झाला तो स्टुडिओ, 'हॅबिटॅट'. खुर्च्या मोडल्या, दिवे मोडले, आणि दुसऱ्या दिवशी महापालिकेलाही नेमकं तिथलंच बेकायदा बांधकाम दिसलं, हातोडा चालला. कामरानं माफी मागितली नाही, मद्रास उच्च न्यायालयातून अटकपूर्व जामीन घेतला. तो त्याचा हक्क आहे आणि माझ्या मते त्यानं तेच करायला पाहिजे होतं. पण स्टुडिओवाल्यानं काय करायचं? त्यानं तर विनोदसुद्धा केला नव्हता.

कायद्याचं पुस्तक उघडलं तर यावरचं उत्तर 1989 पासून तयार आहे. राखीव जागांवर टीका करणाऱ्या एका तमिळ सिनेमाच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगून ठेवलंय की मोर्चाची, दंग्याची धमकी आहे म्हणून बोलण्याचा हक्क दाबता येत नाही, आणि दंगा आवरणं आपल्याला जमत नाही असं सरकारला म्हणता येत नाही. छान आहे. फक्त हे ज्याला वाचून दाखवायचं तो इन्स्पेक्टर शुक्रवारी संध्याकाळी भेटत नाही, आणि कार्यक्रम रविवारी सकाळी असतो.

आता आमच्याकडच्या रविवारचं सांगतो.

थंडी सुरू झाली की सीमाभागात साहित्य संमेलनांचा हंगाम येतो. कडोली, येळ्ळूर, उचगाव, कुद्रेमनी, बेळगुंदी, बाहेरच्या माणसाला नकाशात सापडणार नाहीत अशा गावांत मांडव पडतात. ऊसतोडी, काजूच्या बागा, रताळ्याचा हिशेब बाजूला ठेवून लोक दिवसभर भाषणं ऐकतात, कविता ऐकतात, आणि शेवटी कथाकथनाला हसून हसून घरी जातात. 1946 मध्ये बेळगावच्या संमेलनात, माडखोलकर अध्यक्ष असताना, संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. तेव्हापासून संमेलन म्हटलं की इथं पोलिसांचेही कान टवकारतात आणि लोकांचेही. आमच्याही गावचं संमेलन आहे. गावाचं नाव लिहीत नाही, पुढच्या वर्षीची परवानगी अजून मागायची आहे.

परवानगीच्या अर्जाबरोबर हमीपत्र द्यावं लागतं. प्रक्षोभक बोललं जाणार नाही, दोन भाषिकांत तेढ होईल असं काही होणार नाही, सीमाप्रश्नाचा ठराव येणार नाही, वगैरे. खाली सही समितीच्या अध्यक्षांची. आमचे अध्यक्ष प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी. उभ्या जन्मात त्यांनी प्रक्षोभक असं काही केलं असेल तर ते म्हणजे पाढे न येणाऱ्यांना बाकावर उभं करणं. ते सही करतात ती स्वतःच्या तोंडाची हमी म्हणून नाही. मुंबईहून येणारा एक माणूस, ज्याला ते अजून भेटलेलेही नाहीत, त्याच्या जिभेला ते जामीन राहतात.

एका वर्षी मालिकेतला एक नट बोलावला होता. नाव सांगण्यात अर्थ नाही, तेव्हा घराघरांत होता, आता दुसरा कुणीतरी आहे. त्याला आणायला गाडी घेऊन मीच गेलो होतो. निपाणीच्या अलीकडं चहाला थांबलो तेव्हा त्याला सगळं समजावून सांगितलं. गुरुजींची सही सांगितली. तो मोठ्या मनानं म्हणाला, "काळजीच करू नका हो, मी राजकारणावर बोलतच नाही." गाडीत त्यानं मला शूटिंगचे किस्से सांगितले, वाटेत मांडे कुठं मिळतात विचारलं, कुंदा बांधून घेतला. माणूस म्हणून वाईट नव्हता.

मांडव खचाखच भरलेला. बाजूला एक कॉन्स्टेबल मोबाईल उभा धरून शूटिंग करत होता. अर्ध्या तासानं तो माझ्याकडं आला, "ओ मालक, चार्जर हाय काय? भाषण पुरं पाठवायचं हाय वर, आणि दहा टक्के राहिलंय." मी त्याला स्पीकरवाल्याच्या बोर्डात प्लग दिला, बसायला खुर्ची दिली. त्यानं दोन्ही हातांनी नमस्कार केला. पुढं आमच्याविरुद्ध जी चित्रफीत वापरली गेली ती आमच्याच विजेवर चार्ज झालेली.

कारण नटाला टाळ्या मिळेनात. आईवर बोलला, मातीवर बोलला, लोक शांत. मग मागून कुणीतरी ओरडलं, "सीमाप्रश्नावर बोला!" आणि त्याला एकदम वाट सापडली. मूठ वर गेली. बेळगाव, कारवार, निपाणी, बिदर, भालकीसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे! मांडव उठला. खोटं कशाला बोलू, काटा माझ्याही अंगावर आला, माझाही हात वर गेला. ही घोषणा माझ्या आजोबांनी लाठ्या खाऊन दिलेली आहे. व्यासपीठावर गुरुजी तेवढे बसून राहिले. ते हमीपत्र त्यांच्या डोळ्यांपुढं असणार.

संध्याकाळी नटाची गाडी राज्याच्या हद्दीवरच्या कोगनोळी नाक्याच्या पलीकडं गेली. त्याच्या चाहत्यांनी ती क्लिप फिरवली, खाली 'वाघ' वगैरे लिहिलं. नोटीस आली ती गुरुजींना. मग हेलपाटे, तारखा, वकील, समितीतल्या दोघांची नावं कसल्याशा यादीत. गुरुजींच्या मुलाचा पासपोर्ट पोलीस चौकशीत कितीतरी महिने अडकला, त्यात त्याची दुबईची नोकरी गेली. नटाला आम्ही फोन केला. त्यानं उचलला, हळहळला, म्हणाला, "तुम्ही लोक खरंच ग्रेट आहात."

त्याच्या पुढच्या वर्षी एक अभिनेत्री आली. नाटकातली, वयानं मोठी. तासभर बोलली, रंगभूमीवरच्या बायकांबद्दल. दौऱ्यात कपडे कुठं बदलायचे इथपासून बिदागी कोण आधी मागतं इथपर्यंत. आमच्या बाया डोळे न हलवता ऐकत होत्या. शेवटी पुढच्या रांगेतल्या एका पुढाऱ्यानं चिठ्ठी पाठवली, सीमाप्रश्नावर दोन शब्द. तिनं ती माईकवरच वाचली आणि म्हणाली, "यातलं मला फारसं कळत नाही. इथं राहणाऱ्यांनी बोलावं, मी ऐकते." झालं. रात्री ग्रुपवर तिचा उद्धार सुरू. मानधन घेताना मराठी आठवते काय, असल्या लोकांना बोलावतंच कोण, पुढच्या नाटकावर बहिष्कार. चिठ्ठी पाठवणारे पुढारी त्यात आघाडीवर. मला तर त्या दिवशीचं तेच एक वाक्य पटलं होतं. पण ते ग्रुपवर मी लिहिलं तेव्हा दोघांनी मला कर्नाटकाचा हेर ठरवलं, त्यातला एक माझा मावसभाऊ.

आमची गोची सगळ्यात जास्त आहे ती इथं. पोलिसांनी आमचा माईक बंद केला की आम्हाला घटना आठवते, कलम एकोणीस आठवतं. 2017 मध्ये रोशन बेग या कर्नाटकच्या मंत्र्यांनी सांगितलं होतं की 'जय महाराष्ट्र' म्हणणाऱ्या लोकप्रतिनिधींचं पद काढून घेणारा कायदा आणू. तेव्हा इथल्या प्रत्येक चौकात अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर भाषणं झाली. महाराष्ट्राचे तेव्हाचे परिवहनमंत्री दिवाकर रावत्यांनी तर एसटीवरच 'जय महाराष्ट्र' रंगवून गाड्या सोडल्या. कायदा काही आला नाही. त्याच चौकांत 2022 च्या मे महिन्यात अभिनेत्री केतकी चितळेला अटक झाली तेव्हा पेढे वाटायचे तेवढे बाकी होते. शरद पवारांवरची दुसऱ्या कुणाची तरी ओंगळ कविता तिनं फेसबुकवर टाकली होती. ओंगळच होती, आजारपणावरून माणसाला हिणवणारी. पण त्यासाठी ठिकठिकाणी गुन्हे आणि महिन्याहून जास्त तुरुंग? मी विचारलं तर उत्तर आलं, "तिची गोष्ट वेगळी की." प्रत्येकाची गोष्ट वेगळीच असते. कन्नड संघटनेच्या ज्या पोरानं कमलचा बॅनर नेला, त्याला विचारलं असतं तर त्यानंही हेच सांगितलं असतं, कमलची गोष्ट वेगळी.

श्रीपाल सबनीसांच्या बाबतीत तर दोन्ही अनुभव एकाच माणसाला आले. पिंपरी-चिंचवडच्या संमेलनाचे अध्यक्ष असताना पंतप्रधानांच्या पाकिस्तानभेटीवर ते एकेरीत बोलले आणि महाराष्ट्रात रान उठलं, शेवटी दिलगिरीवर मिटलं. चार वर्षांनी, जानेवारी 2020 मध्ये, ते आमच्या भागात एका संमेलनाला आले तर इथल्या पोलिसांनी त्यांना जाऊच दिलं नाही. तिकडं बोलल्यावर गोंधळ, इकडं बोलण्याआधीच बंदोबस्त. दोन्हीकडं कारण तेच दिलं गेलं, लोकांच्या भावना.

सोनू निगमचं प्रकरण मला आमच्या मांडवाच्या जवळचं वाटतं. एप्रिल 2025, बेंगळुरूचं एक कॉलेज. एका पोरानं कन्नड गाणं म्हणा असा घोशा लावला, सोनूला तो धमकावण्याचा सूर वाटला, आणि रागाच्या भरात तो म्हणाला की पहलगाममध्ये जे झालं त्याचं कारण हेच. तीन दिवसांपूर्वी तिथं माणसं मेलेली. त्या जखमेचा असा वापर करणं मला अजिबात आवडलं नाही. मग गुन्हा, चेंबरचा असहकार, माफी, उच्च न्यायालयाचा दिलासा, सगळं ठरल्यासारखं. पण त्या पोराच्या जागी मी आमच्या पुढच्या रांगेतल्या पुढाऱ्याला बसवून बघितलं. कन्नड गाणं म्हण, सीमाप्रश्नावर बोल. कलाकाराकडून आम्हाला आमचंच वाक्य त्याच्या आवाजात ऐकायचं असतं. तो म्हणाला तर वाघ, नाही म्हणाला तर गद्दार, आणि चिडून भलतंच बोलला तर पोलीस स्टेशन.

मग नामवंतांनी गप्पच बसावं का? मुळीच नाही. कराडला 1975 च्या डिसेंबरात, आणीबाणी ऐन भरात असताना, दुर्गाबाई भागवत अध्यक्षपदावरून बोलल्या. स्वागताध्यक्ष होते यशवंतराव चव्हाण, म्हणजे सरकारच शेजारी बसलेलं. पुढं त्यांना अटक झाली, त्या तुरुंगात गेल्या, स्वतः गेल्या. पु. ल. देशपांडे एके काळी आमच्या राणी पार्वतीदेवी कॉलेजात शिकवायला होते, त्यामुळं बेळगाव त्यांना अजून आपलं मानतं. 1996 मध्ये महाराष्ट्र भूषण स्वीकारताना ते ज्यांनी पुरस्कार दिला त्यांच्याच ठोकशाहीवर बोलले आणि बाळासाहेबांकडून 'मोडका पूल' ऐकून घेतलं. वय झालेलं, तब्येत खालावलेली, तरी बोलायचं ते बोलून झालं होतं. 2005 मध्ये बेळगाव महापालिकेनं महाराष्ट्रात जायचा ठराव केला आणि महापौर विजय मोरे यांच्या तोंडाला बेंगळुरूत काळं फासलं गेलं. ते आमच्या बाजूचे म्हणून सांगत नाही. ठराव त्यांचा होता आणि तोंडही त्यांचंच होतं.

बेळगावच्या एका बाजूला दीड तासावर धारवाड, दुसऱ्या बाजूला दोन-अडीच तासांवर कोल्हापूर. 2015 च्या फेब्रुवारीत कोल्हापुरात गोविंद पानसरेंना गोळ्या घातल्या, ऑगस्टमध्ये धारवाडला कन्नड संशोधक कलबुर्गींना, घराच्या दारात. या कलबुर्गींनी 1989 मध्ये एकदा माघार घेतली होती. त्यांच्या संशोधनावरून गदारोळ झाला, मठाधीश खवळले, आणि त्यांनी लिहिलेलं मागं घेतलं. नंतर त्यांनीच सांगितलं की कुटुंबाच्या जिवासाठी हे केलं, पण त्या दिवशी माझी बौद्धिक आत्महत्या झाली. मला यात पहिला अर्धा भाग जास्त टोचतो. झुंडीला बरोबर माहीत असतं की बोलणाऱ्याला थेट धरण्यापेक्षा त्याच्या जवळच्याला धरलं तर काम लवकर होतं. कमलच्या बाबतीत थिएटर, सत्यराजच्या बाबतीत राजामौली, कामराच्या बाबतीत स्टुडिओ. 2015 मध्ये आमिर खान असहिष्णुतेवर बोलला तेव्हा लोकांनी तो ज्याची जाहिरात करायचा ते स्नॅपडीलचं ॲप मोबाईलमधून काढून टाकलं होतं. आणि 2025 च्या फेब्रुवारीत सुळेभावी-बाळेकुंद्रीकडं कर्नाटकाच्या कंडक्टरला मराठीवरून मारहाण झाली तेव्हा दोन्ही राज्यांतले पुढारी टीव्हीवर बोलले, काळं फासलं गेलं ते चित्रदुर्गात महाराष्ट्राच्या ड्रायव्हरला आणि पुण्यात कर्नाटकाच्या गाड्यांना.

म्हणून मोठ्या माणसाच्या राजकीय बोलण्यावर रान उठलं की मी आता एवढंच बघतो, याचं बिल कुणाच्या दारात गेलं. तो बरोबर बोलला की चूक यावर वाद घालायला मला आवडतं, दुकानात घालतोही. पण बोलण्याचं स्वातंत्र्य बोलणाऱ्याला कोर्टातून मिळतं, आणि त्याला मांडव देणाऱ्याला ते मिळत नाही. त्याच्यापुढं हमीपत्र असतं. एकदा पोळला की तो पुढच्या वेळी पाहुणाच असा निवडतो की ज्याच्याकडं बोलण्यासारखं काही नाही. मग कुणाला बंदी घालायची गरजच उरत नाही. आमच्या आसपास अशी संमेलनं झाली आहेत. दिवसभर मातृभाषेची थोरवी, संध्याकाळी लावणी, पोलीस खूश.

गेल्या महिन्यात आमच्या समितीची बैठक झाली, मारुतीच्या देवळात. पाहुणे कोण यावर नेहमीची भांडणं झाल्यावर गुरुजी पहिल्यांदाच बोलले. म्हणाले, या वर्षी निमंत्रणाच्या पत्रात दोन ओळी घाला. एक, तुम्ही काय बोलावं हे आम्ही सांगणार नाही, सीमाप्रश्नावर बोला, बोलू नका, कन्नडची स्तुती करा, तुमची मर्जी, आणि पुढच्या रांगेतून चिठ्ठी येणार नाही. दोन, कार्यक्रम झाल्यावर एक रात्र मुक्काम करा. काही कागद आलाच तर तो सकाळी येतो, तेव्हा आमच्याबरोबर असा.

माझा मावसभाऊ उसळला, "गुरुजी, असं लिहिल्यावर येणार कोण?"

"बघू की," गुरुजी म्हणाले. "आलं नाही तर आपली पोरं कविता म्हणतील."

हमीपत्राला पुरवणी जोडायचंही ठरलं. वक्त्याच्या बोलण्याला वक्ता जबाबदार, असं वक्त्याच्याच सहीनं. तसली पुरवणी कुणी स्वीकारेल का, वकिलाला विचारायचं काम माझ्याकडं आलं. वकील हसला, म्हणाला, द्या तर खरं.

पत्रं मीच टाईप केली, माझ्याच प्रिंटरवर काढली, चार जणांना पाठवली. एका नटाच्या मॅनेजरनं कळवलं की त्या तारखांना शूटिंग आहे. एका लेखकानं उत्तरच दिलं नाही. एका कवयित्रीनं विचारलं की मुक्कामाची सोय काय, आणि गुरुजींच्या घरी म्हटल्यावर हो म्हणाली. चौथा एक विनोदवीर, पुण्याचा, ज्याच्यावर आधीच कुठंतरी एक गुन्हा आहे. त्याचा रात्री फोन आला. सही करतो म्हणाला, राहतो म्हणाला, फक्त रात्रीच्या जेवणाला रस्सा तुमच्यासारखा तिखट नको.